पायाखालची शिवराई

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय, हे आधीच सांगतो. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, मूळ पुण्याचा, राहायला परदेशात, सेरंगूनला. पण इथल्याच ईस्ट कोस्टच्या बीचवर, रविवारी लख्ख उन्हात, चौघांच्या डोळ्यांदेखत जे झालं ते... जाऊ दे, वाचा आणि तुम्हीच ठरवा.

माझे साडू विनयराव. आमचं पहिल्यापासून जमत नाही. जुनी नाणी शोधायला मी नवाकोरा मेटल डिटेक्टर घेतला, तर या गृहस्थांनी लगेच कुणाचा तरी वापरलेला आणला आणि प्रत्येक जेवणात एकच टकळी — माझाच सरस! म्हटलं, होऊन जाऊ दे. एक नाणं आपणच पुरायचं आणि कुठलं मशीन ते नीट ओळखतं ते बघायचं. हल्लीची नाणी आतून लोखंडाची, ती यासाठी कुचकामी. तेव्हा विनयराव म्हणाले, सासऱ्यांची तांब्याची शिवराई आणा.

सासऱ्यांनी ती शेवटच्या आजारपणात माझ्या बायकोला, मेघनाला दिली होती. थोरल्या मीनलताईंना, म्हणजे विनयरावांच्या बायकोला नाही. त्यावरून त्या घरात धुसफूस आहेच. मेघना नको नको म्हणत होती, तरी मी आणली. मला या माणसाला हरवायचंच होतं.

बीचवर दोघी बहिणींसमोर, वीतभर खोल मी स्वतः पुरली. दोन्ही मशीन वाजली, दोन्हींच्या पडद्यावर धातू कुठला ते सांगणारा आकडा सत्तर. बरोबरी! चरफडत मी खणायला घेतलं... शिवराई नाही. वाळू चाळली, खड्डा गुडघाभर केला. मशीन फिरवलं तर खड्डा गप्प. वळताना ते विनयरावांच्या पायांवरून गेलं आणि वाजलं. सत्तर.

माझं डोकंच फिरलं. "काढा, विनयराव. मेलेल्या माणसाचं नाणं चोरताना लाज नाही वाटली?"

त्यांनी खिसे उलटे केले, चपला काढून फेकल्या, दहा पावलं लांब अनवाणी जाऊन उभे राहिले. तिथेही सत्तर. त्यांना बाजूला करून खणलं, काही नाही. मीनलताई संतापाने रडत होत्या. म्हणाल्या, यापुढे तुमच्या दारात पाय ठेवणार नाही.

तेवढ्यात मेघनाने विनयरावांचं मशीन उचललं आणि माझ्या पायांपाशी धरलं.

सत्तर.

"आता तुझेही खिसे बघायचे?" तिने विचारलं.

बघितले. मग माझ्या पायांखालीही खणलं. काही नाही.

दोन्ही मशीन नंतर तपासून घेतली, अगदी ठणठणीत आहेत. दोघी बहिणी अजून बोलत नाहीत. विनयरावांचं तोंड बघायची मला आजही इच्छा नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, तुमच्याकडे असेल तर सांगा... मला नाही, मेघनाला सांगा. कारण ती अधूनमधून जेवता जेवता थांबते आणि मला विचारते, बाबांची शिवराई कुठे ठेवलीस?