पात्याची टाच

चाकू हवाय म्हणून दुकानात शिरलेल्या माणसाला ताई लगेच चाकू दाखवतच नसे. आधी त्याची उलटतपासणी व्हायची. कापायचं काय? दोरी, चामडं, फांदी, की नुसती पाकिटं? हात उजवा की डावा? चाकू कुठल्या खिशात राहणार? गिऱ्हाईक वैतागून ‘एक साधा चाकू द्या हो’ म्हणालं, की ताई म्हणायची, साधा माणूस असतो, साधा चाकू नसतो. माळ्याला ती चोचीसारखं पुढे वाकलेलं पातं द्यायची, म्हणजे फांदी निसटत नाही. फळं सोलणाऱ्याला निमुळत्या टोकाचं. शिवण उसवणाऱ्याला सरळ धारेचं आणि बोथट नाकाचं, म्हणजे टोक कापडात घुसत नाही. असला एक चाकू तिनं लग्नानंतर लगेच आपल्या शिंपी नवऱ्याच्या खिशात ठेवला होता. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, बायकोनं चाकू दिला खरा, पण टोक स्वतःकडे ठेवून दिला.

दुकान बाबांचं. पुढे काउंटर, मागे कारखाना, आणि कारखान्यात घडीचे चाकू सोडून दुसरं काही होत नसे. नवा चाकू आधी पत्र्यात जन्माला यायचा. पात्याचा, पाठीच्या स्प्रिंगचा आणि मुठीचा असे तीन पत्रे कापायचे, फळीवर खिळ्यानं बसवायचे आणि उघडमीट करून बघायची. बाबांना पटलं तर तो साचा खिडकीजवळच्या भिंतीवर टांगला जाई, आणि त्याच्या कोपऱ्यात ज्याची कल्पना त्याची खूण ठोकली जाई. भिंतीवर सगळ्या खुणा बाबांच्या आणि आजोबांच्या होत्या. ताईनं आजवर कितीतरी साचे बाबांपुढे ठेवले होते. बाबा उघडमीट करायचे आणि म्हणायचे, “चांगलंय. पण आहे त्यातलंच आहे.” हे वाक्य ताईनं इतक्यांदा गिळलं होतं, की आता ते तिला चवीनं ओळखता येई.

त्या वर्षी बाबांनी जाहीर केलं, की आपण आता थांबणार, पण थांबायच्या आधी एक नवा साचा भिंतीवर चढवणार. भिंतीत एकच खिळा मोकळा होता. तो ताईचा, असं सगळे धरून चालले होते. सगळ्यांत जास्त ताई.

आणि मध्येच ही पुठ्ठेवाली उपटली. पुठ्ठेवाली म्हणजे ताईच्या धाकट्या भावाची बायको, बुकबाइंडरची मुलगी. पोलादाचा तिला गंध नव्हता. चाकूची कल्पना सुचली की ती वहीचा पुठ्ठा कापून टाचणीवर फिरवत बसायची. ताईला आधी हसू आलं. पण भावजय गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारत नसे. जुना चाकू मागून घ्यायची, कुठे झिजलाय ते बघायची आणि बरोबर पातं काढून द्यायची. हळूहळू लोक दुकानात येऊन ‘त्या नाहीत का आज?’ असं विचारायला लागले, तेही ताईच्या तोंडावर. ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी चिरताना तिची सुरी अशी काही चालायची, की शिंपी म्हणायचा, “तो कांदाच आहे ना, एकदा खात्री करून घे.”

मग एक दिवस भावजयीनं बाबांपुढे नवा पुठ्ठा ठेवला. त्या पात्याला नख अडकवून उघडायची खाच नव्हती. त्याऐवजी पात्याची पाठ मध्यावर उंच होती. चाकू मिटला तरी ती मुठीच्या वर राही, आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून पातं ओढता येई. बाबांनी तो बराच वेळ हातात धरला. हे सुचलं कुठून, असं त्यांनी विचारलं.

“हल्ली तुम्ही चाकू उघडायला ह्यांच्याकडे देता,” भावजय हळूच म्हणाली. “नख लागत नाही ना तुमचं?”

बाबा हसले आणि मान हलवली. त्यांची नखं कामानं केव्हाच झिजून गेली होती, बोटंही ताठली होती. ताई रोज त्यांच्या शेजारी बसत होती. परक्या माणसाला तुमचा खिसा कुठला म्हणून विचारणाऱ्या ताईनं स्वतःच्या बापाच्या बोटांकडे बघितलंच नव्हतं. कौतुक एक वेळ सोसलं असतं, पण हे तिला आत कुठेतरी झोंबलं. हिला दिसलं, मला का दिसलं नाही? बाबा म्हणाले, पत्रा काप, धाकटा चाकू करील, बरोबर उतरला तर टांगू. ताईनंही सगळ्यांबरोबर छान छान म्हटलं.

घडीच्या पात्याला बुडाशी एक बारीकसा उंचवटा असतो. त्याला त्यांच्या घरात टाच म्हणत. चाकू मिटला की पातं या टाचेवर उभं राहतं, म्हणून त्याची धार आत स्प्रिंगवर आपटत नाही. टाच केसभर कमी झाली तरी पातं खोल बुडतं, आणि त्याबरोबर त्याची पाठही मुठीत खाली जाते. भावजयीनं पत्रा कापला आणि टाच अगदी योग्य ठेवली. ताईनं ती उजेडात धरून पाहिली, कुठेतरी चूक सापडेल म्हणून. सापडली नाही. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा ताईनं भूक नाही म्हणून सांगितलं, साचा वाइसच्या जबड्यात आवळला आणि टाचेवरून कानस फिरवली. एकदा, आणखी एकदा. मग सवयीनं कानस आडवी धरून काठ ओढून घेतला, ओल्या दगडानं पुसला आणि खरखर राहिली नाही ना म्हणून अंगठा फिरवला. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही काठ खरखरीत ठेवणं तिच्या हाताला जमलं नाही.

धाकटा म्हणजे साचा दाखवील तसं पातं कापणारा माणूस, एक शब्द न विचारणारा. चाकू तयार झाला, मूठ चकाकली, धार लागली. बाबांनी तो मिटलेला चाकू सगळ्यांसमोर हातात घेतला आणि पात्याची पाठ चिमटीत धरायला गेले. पाठ मुठीच्या वर जेमतेम डोकावत होती. बोटं निसटली. त्यांनी शर्टाला हात पुसला आणि पुन्हा धरली. पुन्हा निसटली. ताई वाट बघत होती, की आता बाबा म्हणतील, जमलं नाही. बाबांनी चाकू तिच्यापुढे केला.

“उघडून दे गं जरा.”

जन्मभर चाकू करणारा माणूस चाकू उघडून मागत होता, आणि तेही तिच्याकडे. ताईनं पातं ओढलं. धारेत, जिथे ती स्प्रिंगवर आपटली होती तिथे, बारीक खळगा पडला होता. तो तिनं अंगठ्याखाली झाकला.

“मूळचं माझंच काहीतरी चुकलं असणार,” भावजय म्हणाली. “ताईंनी टाच नीट केलेली मी बघितली होती. काठावरून बोट फिरवलं आणि कळलं. इतका गुळगुळीत काठ इथं दुसरं कोण करतं? म्हटलं, त्यांनी हात लावलाय म्हणजे तेच बरोबर.”

बाबांनी साचा उचलला. टाचेवरून त्यांनी आपलं बिननखाचं बोट हळू फिरवलं, आणि ताईकडे बघितलं. तो काठ त्यांनीच तिला शिकवला होता, ती काउंटरपेक्षा बुटकी होती तेव्हा.  

“बरोबर होतं तुझं,” ताई म्हणाली. “मी बिघडवलं. मुद्दाम.”

 भावजय म्हणाली, “मला वाटलं, तुम्हाला आवडलं म्हणून हात लावलात.”

 घासून गेलेला पत्रा परत चिकटत नाही. तिनं नवा पत्रा घेतला, भावजयीचा पुठ्ठा त्यावर ठेवून रेघ मारली आणि कापायला बसली. आवडलं होतंच, आणि सगळं दुखणं तेच होतं. इतका चांगला साचा तिनं आयुष्यात कापला नव्हता, आणि कापतानाही तिला पावलोपावली वाटत होतं, की हे मला का सुचलं नाही. भावजय त्या दिवशी तिच्याशी एक शब्द बोलली नाही, पुढचे बरेच दिवसही नाही.

दुसरा चाकू झाला तेव्हा साचा टांगायला बाबांनी ताईलाच सांगितलं. कोपऱ्यात भावजयीची खूण तिनं स्वतः ठोकली. मागे बाबा खुर्चीत बसून चाकू उघडत होते, मिटत होते, आपल्या बोटांनी. टक्. पुन्हा टक्. प्रत्येक टक् ताईला टोचत होता, आणि ते थांबले तेव्हा तिनंच वळून म्हटलं, “बाबा, अजून एकदा उघडा ना.”