नमुन्यांच्या पेटीतला बर्फ
लाकडाच्या ओल्या भुशाचा वास आला की मला अजून एक पेटी आठवते. सत्तावन्न सालच्या फ्लूच्या साथीत मी पुलगावकडच्या एका लहानशा दवाखान्यात कंपाउंडर होतो. रोग्यांच्या गुळण्यांचं पाणी बाटलीत भरायचं, तोंड लाखेने बंद करायचं आणि बर्फ-भुशाच्या पेटीतून रेल्वेने तपासणीला पाठवायचं, असा नियम होता. लाख संपली होती, म्हणून मी नुसतं बूच दाबलं. स्टेशनवर पार्सलबाबूने पेटी उघडली. बर्फ दिसताच ती नाशवंत मालात लिहिली आणि एक खडा उचलून आपल्या सरबतात टाकला. आत बूच निघून बाटली कलंडली होती आणि गुळण्यांचं पाणी बर्फावर सांडलं होतं. "काऊन पाहून राह्यले? तुमाले देऊ का?" त्याने पिता पिता विचारलं. "नको, घसा धरलाय," मी म्हणालो, बूच परत दाबलं आणि घरी येऊन हात तेवढे दोनदा धुतले.