थंड घराचं बंद दार

घरावर स्लॅब घालायची हौस माझ्या मुलाची. कौलांचे नळे दरवर्षी परतायला माणसं मिळत नाहीत म्हणून त्याने जुनं छप्पर काढलं, स्लॅब घातली आणि स्वतः गेला पुण्याला. यजमान वारल्यापासून त्या घरात मी एकटी. आमच्या गोव्यातल्या लाटंबार्शात चैत्र लागला की ती स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री अंगावर उतरते. पंखा लावला तर गरम वाराच फिरतो.

एसी बसवून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. एका बाईसाठी तसली घरघर कशाला? मग फोनवरून त्याची शिकवणी सुरू झाली. स्लॅबला पांढरा चुना, वर माडाची झावळं, जनेलांना जाड पडदे. आणि मुख्य म्हणजे ऊन चढायच्या आत दारं-जनेलं गच्च लावायची, ती काळोख पडल्यावरच उघडायची. मी नाक मुरडलं, पण सगळं करून घेतलं. खोटं कशाला बोलू, घर निवलं. भर दुपारी फरशीवर पाय टेकले की जिवाला बरं वाटायचं.

फक्त एक गोष्ट सुटली. मुलाला ती पुण्यात बसून सुचली नाही हे समजू शकते, पण मला इथे जन्म काढून सुचली नाही. आमच्या वाड्यावर, या सगळ्या वस्तीत, दार उघडं म्हणजे माणूस घरात. परगावी जाताना आम्ही पुढच्या दाराला आतून कडी घालतो आणि कुलूप मागच्या दाराला. त्यामुळे पुढचं दार दिवसाढवळ्या बंद दिसलं की घरात कोणी नाही, हे ठरलेलं. कोणी ठोठावत नाही; ती सवयच नाही, लोक हाक मारत थेट आत येतात. संध्याकाळचा पोदेर पाव घेऊन यायचा, तोही भोंपू वाजवत सरळ पुढे जायला लागला. काळोख पडल्यावर मी उघडायचे ती मागचीच दारं-जनेलं, ती रस्त्यावरून कोणाला दिसत नाहीत.

दुपारी गप्पांना येणाऱ्या बायका बंद झाल्या. त्यांना माझा कंटाळा आला असेल, असं मी धरून चालले. राग आला. गेल्या उडत, म्हटलं. पण राग तरी एकटीने किती धरायचा? त्या थंडगार घरात बसून मला रडू यायचं.

एका दुपारी दारापलीकडे सोप्यावर बोलणं ऐकू आलं. शेजारच्या दोघी जावा माझ्या सोप्याच्या सावलीत, कोकमाची सोलं घालायला भिरंडं फोडत बसल्या होत्या. धाकटी म्हणत होती, ही असती तर एव्हाना अर्ध्या वाड्याची उणीदुणी काढून झाली असती. थोरली म्हणाली, मुलाने नेलं ते बरंच झालं, एकटीने कुठवर दिवस काढायचे. मी दाराला पाठ लावून ऐकत राहिले. त्यांना माझी आठवण येत होती आणि मध्ये फक्त एक फळी होती.

उठले आणि कडी काढली. झळ तोंडावर आली. दोघी अशा दचकल्या की टोपली कलंडली.

"अगो, तू घरातच? मग दार कशाला लावलंस?"

थंडाव्यासाठी, म्हटलं. त्यांना ते काही पटेना, म्हणून हात धरून आत नेलं. फरशीवर टेकल्यावर दोघींनी पाय लांब केले. जरा वेळाने थोरलीने पदराने मान पुसली आणि दाराकडे पाहिलं.

"दार लोट गो. सगळा थंडावा चाललाय."

"जाऊ दे," मी म्हटलं. "तुम्ही बसा."