इंजिन मागे होतं

माझ्या आईनं साखर कारखान्याच्या कॉलनीत एकोणतीस सीझन काढले, पण अण्णा रोज ज्या आगीपुढे उभे राहायचे ती आग तिनं एकदाही पाहिली नव्हती. अण्णा म्हणजे माझे वडील, नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात बॉयलरवर फायरमन. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटवायचा कार्यक्रम व्हायचा. पत्रिकेत त्याला अग्निप्रदीपन म्हणत. पूजेला एखादे संचालक जोडीनं बसत, भट्टीच्या तोंडाशी नारळ फुटे, आणि कॉलनीतल्या बाया बाहेर मांडवात पेढा खाऊन घरी परतत. बॉयलरपाशी कामाशिवाय कुणी जायचं नाही, असा दंडक होता. आई घरी येऊन विचारायची, "कशी असती ओ आतली आग?" अण्णा म्हणायचे, "आगीसारखी असती." मला लहानपणापासून या उत्तराचा राग यायचा.

पुढे जुना बॉयलर भंगारात गेला, नवा काचेच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर चालायला लागला. अण्णा रिटायर झाले आणि दोघं राहुरीला माझ्या शेजारच्या घरात राहायला आली. आईचा प्रश्न तसाच राहिला.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी मी मोबाईलवर निलगिरीच्या डोंगरगाडीचा व्हिडिओ बघत होते. हिरवा डोंगर, निळे डबे आणि भकाभका धूर सोडणारं वाफेचं इंजिन. अण्णांनी माझ्या हातातला मोबाईल ओढूनच घेतला. "आयला, हे अजून चालतंय व्हय?" व्हिडिओ सहा वेळा पाहून झाला. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात आग दिसंल का?"

झालं, माझं ठरलं. मी हट्टी आहे, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. गाडीच्या पुढच्या डब्याची तिकिटं काढली आणि घरभर मिरवून सांगितलं, की पुढचा डबा म्हणजे इंजिनाला अगदी चिकटून, आईला बसल्या जागेवरून आग दिसेल. अण्णांना ते पटलंच. ट्रॅक्टर पुढे आणि उसाच्या ट्रॉल्या मागे, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. कुणालाच शंका आली नाही.

दौंडहून लांबचा प्रवास करून, पायथ्याच्या गावात मुक्काम करून सकाळी सातला आम्ही आमच्या डब्यात बसलो. अण्णा खिडकीतून निम्मे बाहेर. पुढे रूळ दिसत होते, डोंगर दिसत होता, आणि डब्याच्या तोंडाशी झेंडा घेतलेला एक माणूस. इंजिन कुठंच नाही. तेवढ्यात शिट्टी झाली आणि गाडी चक्क हलली.

"अरं, थांबवा! इंजिन जोडायचं राह्यलं!" अण्णा ओरडले. सगळा डबा आमच्याकडे बघायला लागला.

समोरच्या गृहस्थांनी हसत हिंदीत समजावलं. चढाला इंजिन मागे लावतात, ते खालून ढकलतं. डबे सुटले तरी खाली इंजिन आडवं असतं. अण्णांनी मान बाहेर काढून मागे पाहिलं. मग म्हणाले, "डोकं लावलंय. पण ट्रॉल्यांच्या मागं ट्रॅक्टर? आपल्याकडं कुनाला सांगितलं तर हसतील." आई माझ्याकडे बघत होती. मला लाज वाटली. इंजिनापाशी कधी जाता येईल, ते मी ताबडतोब त्या गृहस्थांना विचारून घेतलं. वाटेत एका स्टेशनावर इंजिन पाणी घेतं, जेमतेम दहा मिनिटं. इंजिन आणि आमच्यामध्ये बाकीचे सगळे डबे होते, आणि आईचा गुडघा असा की घरात दोन पायऱ्या उतरायच्या तरी भिंत लागते.

तोवर चढ लागला. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी होती, तिच्यात इंजिनाचं चाक अडकून खडखड वर येत होतं. वळण आलं की आपलीच गाडी मागे दिसायची, दरीच्या कडेनं, धुरासकट. सगळे खिडक्यांना लटकून ओरडायचे. मीही ओरडले. चव्वेचाळीस वर्षांची शाळामास्तरीण आणि चौथीच्या पोरासारखी किंचाळत होते! धबधबा गेला, बोगदा आला, अंधारात धूर नाकात शिरला, अण्णांनी तो छातीभर घेतला. "कोळसा हाय, तेल न्हाई," ते म्हणाले. "लई झ्याक!" आई मात्र दरीकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष मागे होतं.

ते स्टेशन आलं. गाडी नीट थांबायच्या आधीच मी दाराशी. अण्णांनी आईला खाली घेतलं आणि आम्ही निघालो. सेल्फीवाले, वडेवाले, माकडं, सगळे मध्ये. मी पुढे जाऊन माणसं बाजूला सारत होते, "जरा सरका, सरका!" असं शुद्ध मराठीत. आई एका हातानं निऱ्या धरून लंगडत धावत होती. एका डब्यापाशी ती थांबली, गुडघा धरला. "तुमी जावा, बघून या," ती म्हणाली. अण्णा म्हणाले, "म्या लई बघितलीय. चल."

पोचलो तेव्हा पाण्याचा पाइप काढायला लागले होते. इंजिनातला फायरमन हात हलवून आम्हाला मागे जायला सांगत होता. अण्णांना त्याची भाषा येईना, त्याला यांची. मग अण्णांनी आत बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडे बोट केलं आणि दोन बोटांनी दाखवलं, पाणी किती आहे ते. फायरमननं वळून काच पाहिली, अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी बाही वर केली. कोपराखाली भाजल्याचे जुने डाग होते. त्यानं हसून आपली बाही वर केली. तसलेच डाग! मला हसू आणि रडू एकदम आलं. अण्णांनी आईकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या डोळ्यांकडे.

त्यानं हात पुढे केला. आईनं आधी चपला काढल्या. मी म्हटलं, "आई, वेळ नाही गं!" तिनं ऐकलं नाही. अनवाणी पायरीवर चढली आणि त्यानं भट्टीचं दार उघडलं.

खाली उभ्या असलेल्या माझ्याही तोंडावर झळ आली, चुलीतच तोंड घातल्यासारखी. आत लाल नव्हतंच काही. पांढरं होतं, आणि गरजत होतं. आई मागे सरली नाही. गार्डनं शिट्टी वाजवली तेव्हा फायरमननं दार लावलं आणि तिला जपून उतरवलं. तिचा चेहरा तांबडा झाला होता.

"असं आठ तास?" तिनं अण्णांना विचारलं.

"जोडीदार आला न्हाई तर सोळा."

"आन घरी येऊन कधी बोलला न्हाई."

"काय बोलायचं?" अण्णा म्हणाले.

गाडी सुटायला झाली होती. मी दोघांना जवळच्याच डब्याकडे ढकलत होते. आमच्या घरात बायकोनं चारचौघांत नवऱ्याला हात लावायची रीत नाही. आई थांबली, पदराचं टोक घेतलं आणि सगळ्यांसमोर अण्णांचं कपाळ पुसलं, मग मान पुसली, सावकाश. डोंगरावर गार वारा सुटला होता आणि अण्णांना घाम आलेलाच नव्हता.