सावाको दोर ओढते आहे

यासुहिको निनोमियाची मान कशी वळते ते पाहिलं, की त्याच्या घरात काय शिजतंय ते यावाताहामाच्या बाजारगल्लीत सगळ्यांना कळतं. बायको खुशीत असली तर शर्टाची कॉलर मऊ. बायको जळत असली तर कॉलरला इतकी खळ बसते, की बिचाऱ्याला डावीकडे बघायचं तर अख्ख्या अंगाने वळावं लागतं. त्या वसंतात तो सगळीकडे अख्ख्या अंगानेच वळत होता.

"मान धरली का रे, यासु?" माशाच्या वड्या तळणारा ह्योदो कढईमागून विचारायचा.

"नाही. बायकोने इस्त्री केली आहे."

"शर्टात तू होतास तेव्हा?"

बायको, म्हणजे चिझुरू, मूळची डोंगराकडची. बापाचा धंदा ओंडक्यांवर अळंबी वाढवण्याचा. लग्न होऊन या बंदरावर आली आणि सासऱ्याची लाँड्री तिने अशी उचलली, की सासरा गेला तेव्हा भेटायला आलेल्यांनी आधी विचारलं, सून दुकान चालवणार ना? रेशमी किमोनोवरचा सोया सॉसचा डाग काढून ती गिऱ्हाइकालाच विचारायची, "डाग नेमका कुठे होता हो?" दुकान जुनं, लाकडी. सासऱ्याला आगीची धास्ती, म्हणून त्याने पहिल्या दिवशीच शिकवलं होतं: दाराची घंटी वाजली की आधी इस्त्रीचं बटण बंद, मग तोंडाने "या". ते तिच्या हाडात इतकं मुरलं, की जेवताना घंटी वाजली तरी उजवा हात भाताचा वाडगा सोडून बटण शोधतो. आगीला अशी जपणारी ही बाई पाण्याला मात्र घाबरते. इतकी वर्षं समुद्राकाठी राहून घोट्याच्या वर भिजली नाही.

आणि नवऱ्याला वेड कशाचं? समुद्राच्या तळाचं. तेही टीव्हीतल्या.

यासुहिको पाचवीत होता तेव्हा एक व्हिडिओगेम आला होता, 'उमिनोसोको', समुद्राचा तळ. खपला नाही. त्यात बंदूक नाही, राक्षस नाही, जिंकायचं काही नाही. एक पाणबुड्या हळूहळू खाली जातो, दिवा मारतो, मासे बघतो, बुडालेल्या जहाजातल्या वाडग्यांवरची नक्षी बघतो. मासा पकडायचाही नाही, नुसता बघायचा. बाकीच्या पोरांनी दोन दिवसांत कंटाळून टाकून दिला. यासुहिको मात्र दुकान बंद झालं की अजून मागच्या खोलीत जुन्या टीव्हीसमोर पाय दुमडून बसतो.

एवढ्याने चिझुरू जळली नसती. पण त्या खेळात वर एक नाव असते आणि नावेत दोर धरून कुणीतरी बसलेलं असतं. हवा संपत आली की तेच पाणबुड्याला वर ओढतं. ते कोण, हे खेळणाऱ्याने सुरुवातीलाच ठरवायचं. त्यामुळे रोज संध्याकाळी, मासा भाजताना, चिझुरूला पडद्याच्या तळाशी अक्षरं दिसायची: 'सावाको दोर ओढते आहे.'

आमच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांच्या घरांत दोर परक्याच्या हाती देत नाहीत. नवरा उतरला तर नावेत बायको, बायको उतरली तर नवरा. डोंगरातून आलेल्या चिझुरूलाही हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. खेळाच्या कॅसेटच्या मागे मार्करने नावही लिहिलेलं होतं: सावाको, पाचवी. वर्गातल्या या सावाकोने ती यासुहिकोला खेळायला दिली, मग तिच्या बापाची बदली झाली आणि कॅसेट इथेच राहिली.

"नाव बदल की," चिझुरू म्हणायची.

"बदलता येत नाही. पहिल्यापासून खेळावं लागेल."

"मग खेळ."

"अगं, एवढी वर्षं तळ धुंडाळलाय मी."

"मीही एवढी वर्षं तुझ्या कॉलरी घासल्यात. पुन्हा मळतात, पुन्हा घासते."

आणि त्या वसंतात सावाको खरीच परतली. ओसाकातला संसार मोडून आली आणि धक्क्याजवळ आईच्या माहेरच्या रिकाम्या दुकानात कॉफी विकू लागली. बातमी अर्थातच ह्योदोने पोचवली.

"चिझुरूसान, दोर ओढणारी आली बरं का गावात. केस अजून लांब आहेत."

"असू देत. वाळायला वेळ लागत असेल."

दुसऱ्या दिवशी रस्त्यात सावाकोने यासुहिकोला लहानपणीच्या लाडक्या नावाने, "याच्चान" म्हणून हाक मारली. चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला याच्चान. गल्लीने ऐकलं, चिझुरूने गल्लीकडून ऐकलं. रात्री जेवताना यासुहिको सूपाच्या वाडग्यातच बघत म्हणाला, "तिला कॅसेट परत हवी आहे. गुरुवारी येईल."

चिझुरूने मनाशी ठरवलं, कॅसेट देऊ, पण कोरी करून. माझ्या नवऱ्याचा जीव तिच्या हातात अडकवलेला मी तिला नेऊ देणार नाही. कोरी कशी करायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. यासुहिको खेळ बंद करताना एका अंगठ्याने रिसेटचं बटण दाबून धरायचा आणि मगच वीज बंद करायचा. तसं न केलं तर आतली सगळी नोंद पुसली जाते. त्या काळी आईच्या व्हॅक्यूम क्लीनरचा धक्का लागून खेळ बंद पडेल, या भीतीने पोरं थरथरायची.

गुरुवारी दुपारी नवरा हॉटेलच्या चादरी पोचवायला गेला आणि चिझुरू टीव्हीसमोर बसली. खेळ सुरू केला. पहिली नोंद: पाणबुड्या यासुहिको, दोर सावाको. ती होतीच. खाली दुसरी, जुनी: पाणबुड्या सावाको, दोर मोमो.

मोमो म्हणजे सावाकोकडचा तांबडा कुत्रा. ह्योदोच्या बापाच्या कढईसमोरून वड्या पळवायचा, त्याच्या कथा गल्लीत अजून चालतात.

चिझुरू बघतच राहिली. मग तिला हसू आलं, इतकं की डोळे पुसावे लागले. मग राग आला, तोही सावाकोचाच. माझ्या नवऱ्याने हिला दोर दिला आणि हिने कुत्र्याला? त्याच्यात काय कमी होतं? निदान वड्या तरी विकत घेऊन खायचा. छे, हे पुसायचं नाही. हे त्याला रोज दाखवायचं.

नीट बंद करावं म्हणून तिने डावा अंगठा रिसेटकडे नेला, आणि दाराची घंटी वाजली.

उजव्या हाताने वीज बंद केली.

"या," तोंड म्हणालं.

काउंटरपाशी सावाको उभी होती, हातात कॉफीची पुडी. मागोमाग यासुहिकोही चादरींची रिकामी पेटी घेऊन शिरला. सावाको वाकून म्हणाली, "त्रास देते आहे. कॅसेट ठेवायची नाही मला. एकदा बघायची आहे. त्यात माझा मोमो आहे, त्याचं दुसरं काहीच उरलं नाही माझ्याकडे."

यासुहिकोने कौतुकाने खेळ सुरू केला. तिन्ही रकाने रिकामे. तो पडद्याकडे बघत राहिला, कॉलरमुळे मान खालीही जाईना.

सावाकोच हळूच म्हणाली, "आतली बॅटरी संपली असेल. इतकी जुनी."

चिझुरूला नुसतं "हो ना" म्हणायचं होतं. तेवढ्यावर सुटली असती. पण सावाकोने तिला वाचवावं? तिने दोर ओढावा?

"बॅटरी नाही. मी बंद केला, रिसेट न दाबता."

"मुद्दाम?" यासुहिकोने विचारलं.

"मुद्दाम करायचं ठरवलं होतं. मग नाही करायचं ठरवलं. मग घंटी वाजली."

यासुहिकोने तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. गल्लीत हे कुणी मानलं नाही, ह्योदो तर आजही मानत नाही. पण त्या हाताला जेवणातून उठताना त्यानेच पाहिलेलं होतं. सावाकोने कॉफी काउंटरवर ठेवली. "मोमो नाही तर मी नेऊन काय करू? राहू दे इथेच," म्हणाली आणि गेली. दारात तिने डोळे पुसले, ते चिझुरूने पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला सावाकोचे लांब केस दिसले नाहीत.

त्या संध्याकाळी यासुहिकोने खेळ नव्याने मांडला आणि कंट्रोलर बायकोच्या मांडीवर ठेवला. "तू उतर. दोर मी धरतो."

पाण्याला घाबरणारी बाई खाली गेली. दिवा मारला, एक चपटा मासा पाहिला, त्याच्या मागे जरा जास्तच लांब गेली. हवा संपत आली. तिने वर ओढून घ्यायचं बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. बऱ्याच वेळाने अक्षरं आली: 'यासुहिको दोर ओढतो आहे.'

"सावाको किती वेळ लावायची?" चिझुरूने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

यासुहिकोला खोटं बोलता आलं असतं. "ती? लगेच ओढायची," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्योदोने त्याला हाक मारली, तेव्हा तो अख्ख्या अंगाने वळला.