टापूवरचे राहिलेले रोडगे

अकोल्याहून निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत पोतंभर गोवऱ्या, कणीक, वांगी, तूरडाळ, तुपाचा डबा आणि माझ्या नवऱ्याच्या छातीचे फोटो होते. फोटो म्हणजे अँजिओग्राफीची फाइल. जाल तिथे ही सोबत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रवासाला मात्र ते हो म्हणाले नव्हते. नाहीही म्हणाले नव्हते, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात अमरावतीला बायपासचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधी मला एका मारुतीचा नवस फेडायचा होता.

गाडी मी चालवते. शाळेतून निवृत्त झाल्यावर शिकले. शेजारच्या सीटवर वसंतराव, म्हणजे आमचे हे, मफलर गुंडाळून बसले होते. मूर्तिजापूर मागे पडलं. मग म्हणाले, "सुमन, एवढी घाई कावून करून राहिली तू? ऑपरेशन झाल्यावर जाऊ की."

"ऑपरेशनच्या आधीच."

"मारुती कुठी पळून चालला?"

मारुती कुठे पळून जाणार नव्हता. मला धास्ती यांची होती. बडनेऱ्याला गाडी थांबवली आणि दोघांनी आलुबोंडा खाल्ला. यांना अर्धाच दिला.

ज्यांना आमची हकीकत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. आमचा संसार सुरू झाला तो एका टापूवर (धरणाच्या पाण्यात उरलेलं बेट). शेंदूरजनाघाटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक धरण आहे. ते भरलं तेव्हा एका टेकडीचा माथा पाण्यावर राहिला, आणि सरकारला वाटलं की तिथे एक माणूस ठेवावा. त्याने पाणी मोजावं, पाऊस मोजावा आणि वायरलेसवर कळवावं. तोच माणूस माझ्या वडिलांनी माझ्यासाठी पसंत केला. वडील अकोल्याच्या जुन्या शहरातले भिक्षुक. त्यांनी पत्रिका पाहिली, गुण जुळवले, नोकरी सरकारी आहे याची खात्री केली. मुलगा चारी बाजूंनी पाण्यात आहे हे त्यांना लग्नानंतर कळलं. तेव्हा ते यांना एवढंच म्हणाले, "जावईबापू, पाण्याचं काही कमीजास्त कानावर आलं, तर त्याच दिवशी मुलीला घेऊन जाईन."

पहिल्याच पावसाळ्यात हे एकदा किराणा आणायला डोंगा घेऊन काठावर गेले. संध्याकाळी असा वारा सुटला की क्वार्टरचं कौल जागेवर राहीना. हे आले नाहीत. टापूवर मी, एक कंदील आणि पळसाखालचा मारुती. मी त्याला म्हटलं, यांना सुखरूप आण, तुझ्यापुढे रोडग्यांची पंगत घालते. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. आमच्या वऱ्हाडात देवाला असं जेवण बोलतात आणि ते लोकांना वाढलं की नवस फिटतो.

दुसऱ्या दिवशी हे आले. अंगात काठावरच्या ओव्हरसियरचा शर्ट, हातात किराणा नाही. म्हणाले, "पाऊस होता म्हून थांबलो. पत्ते खेळलो. भजी केले होते त्यायनं."

मी नवस फेडला नाही. जो माणूस बुडालाच नव्हता, त्याला वाचवल्याबद्दल मारुतीला जेवण कशाचं? भजीही त्या दिवसापासून आमच्या घरात बंद झाली. यांचा भज्यांवर भारी जीव. तरी इतक्या पावसाळ्यांत एका शब्दाने कुरकुरले नाहीत. मला वाटायचं, लाज वाटत असेल.

मग या दिवाळीत यांच्या छातीत दुखलं. हे म्हणाले, अ‍ॅसिडिटी. ओवा खाल्ला, जिरं खाल्लं, फराळाला नावं ठेवली. शेवटी शर्ट घामाने भिजलेला दिसला तेव्हा मी यांना गाडीत कोंबलं. दवाखान्यात दाराबाहेर उभी राहून हात जोडायला गेले आणि जोडवेनात. मागायचं कोणत्या तोंडाने? आधीचंच राहिलेलं. बुडाले होते की नव्हते हा हिशेब मी घातला होता, मारुतीने नाही. मला फार भीती वाटली. खोटं कशाला सांगू, अजूनही वाटते.

नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यांची पाळी सुटत होती. गर्दीत गाडी अडकली असताना एका पोलिसाने खिडकीत डोकं घातलं. "डिकीत काय हाये, काकू?"

"गोवऱ्या."

त्याने उघडून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या, मग सुटल्या. "रोडगे? कुठी हायेत?"

"धरणावर."

"मंग आम्हाले काहून नाही बोलावलं?" एवढं म्हणून त्याने आमच्यासाठी दोन ट्रक थांबवले. गोवऱ्यांचा असा मान मी पहिल्यांदाच पाहिला.

मोर्शी सोडली आणि संत्र्यांचे बगिचे लागले. शेंदूरजनाघाटला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे ढीग, ढिगांवर बसून भाव करणारी माणसं. मी एकाला विचारलं, "गोड आहेत का?" तो म्हणाला, "आंबट असते तर तुमच्यासाठी ठेवले असते का?" याला गोड बोलणं म्हणावं की भांडण, हे पुण्याच्या माणसाला ठरवता आलं नसतं. मी पिशवीभर घेतली.

धरणाच्या भिंतीवरून टापू दिसला. माझ्या आठवणीतल्यापेक्षा लहान होता. एवढ्याशा जागेत आम्ही संसार केला आणि शिवाय भांडणंही केली, हे पटेना. शालिकभाऊ नावाच्या गळ्यात तुळशीमाळ घातलेल्या कोळ्याने आम्हाला नावेत घेतलं. हे नावेत चढताना काठ घट्ट धरून होते. पाण्याकडे पाहत नव्हते. मी म्हटलं, "घाबरता काय? इथलेच ना तुम्ही?"

क्वार्टरचं छप्पर गेलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात बकऱ्या राहत होत्या आणि माझ्यापेक्षा टापटिपीने राहत होत्या. मारुती मात्र जागेवर होता. शेंदराचे इतके थर चढले होते की तोही माझ्यासारखाच अंगाने भरला होता. मी गोवऱ्या पेटवल्या. यांना दगडावर बसवून वांगी चिरायला दिली. वरण शिजलं, भाजी झाली, रोडगे निखाऱ्यातून काढून झटकले. शनिवार होता, मारुतीचा वार. सगळं नीट जुळून आलं होतं. मी शालिकभाऊंना म्हटलं, "आता घरच्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन या. पंगत बसवू."

शालिकभाऊ रोडग्यांकडे पाहत राहिले. मग फार अवघडून म्हणाले, "बाई, आज एकादस हाये ना. आमची सारी वस्ती माळकरी. आज गहू चालत नाही."

मी भिक्षुकाची मुलगी. ज्या घरात पंचांग पाहिल्याशिवाय नखंसुद्धा कापत नसत, त्या घरातली. शनिवार पाहिला आणि तिथी पाहायची विसरले. सकाळी आलुबोंडाही खाल्ला होता. तो मी शालिकभाऊंना सांगितला नाही.

हे दगडावर बसून हसायला लागले. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसताना पाहिलं, म्हणून मी रागावले नाही.

तोड शालिकभाऊंनीच काढली. "रोडग्यायले उद्यापर्यंत काही होत नाही. उद्या बारस. आमी सारेच सकाळी इथी येतो आन यावरच उपास सोडतो. तुमी आज घरी चाला." आम्ही त्यांच्या घरी राहिलो. भगर खाल्ली. हे लवकर झोपले.

सकाळी दोन नावा भरून माणसं आली. मी मारुतीपुढे नैवेद्य ठेवला आणि पंगत बसली. वरण गरम केलं होतं, तुपाची धार मी स्वतः घालत होते. शालिकभाऊंच्या आईने रोडगा कुस्करता कुस्करता विचारलं, "नवस कायचा होता, माय?"

"हे बुडाले नाहीत, त्याचा," मी म्हटलं. "मी इथे देव पाण्यात घालून बसले आणि हे तिकडे पत्ते खेळत भजी खात होते." पंगतीत सगळे हसले.

"बुडालो होतो," हे म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"डोंगा मधातच पलटी झाला. किराणा गेला. रॉकेलचा डबा तेवढा हाताशी आला, त्याले धरून राहिलो. कोणत्या काठाले लागलो तेही समजलं नाही. ओव्हरसियरनं पाह्यलं, घरी नेलं, शर्ट देल्ला."

"आणि भजी?"

"कायचे भजी, सुमन."

तुपाची धार कुणाच्या पानात किती पडली, मला माहीत नाही. "मग मला सांगितलं काहून नाही?"

"तुझ्या बाबानं तुले नेलं असतं," हे म्हणाले आणि रोडगा खाऊ लागले.

मला संताप आला, अस्सा आला की भांडं ठेवून मी मारुतीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि तिथे हमसून रडले. हा माणूस इतकी वर्षं माझी बोलणी खात राहिला. मी राहावी म्हणून. आणि या मारुतीने खरंच काम केलं होतं, मी त्याला उपाशी ठेवलं होतं. डोळे पुसून त्याच्यापुढे आले. ऑपरेशनसाठी नवा नवस बोलायचा, असं घरून ठरवून आले होते. बोलले नाही. म्हटलं, "हा माणूस सांगत नाही. बुडतानाही सांगत नाही. तेवढं सांगायला लाव. बाकी डॉक्टर बघतील."

परतीच्या वाटेवर मोर्शी लागली. मी विचारलं, "दुखतंय का?"

"नाही."

संत्र्यांचा एक ट्रक पुढे चालला होता. त्याच्या मागे मागे आम्ही बराच वेळ गेलो.

"थोडंसं दुखते," हे म्हणाले. "काल नावेत बसलो तवापासून. डाव्या हातातही येऊन राहिलं."

मी ट्रकला मागे टाकलं. त्यानंतर कुठे ब्रेक लावला असेल तर तो अमरावतीच्या दवाखान्यासमोर. डिकीतली फाइल काढून दिली. ती गोवऱ्यांच्या भुशाने माखली होती. डॉक्टरांनी झटकून पाहिली आणि ऑपरेशन पुढच्या आठवड्याऐवजी त्याच संध्याकाळी केलं. आणखी एक दिवस अंगावर काढला असता तर, एवढंच ते म्हणाले. वाक्य पुरं केलं नाही.

आता आम्ही अकोल्यात घरी आहोत. भेटायला येणारे विचारतात, टापूवर पाहण्यासारखं काय आहे? मी सांगते, बकऱ्या आहेत. हे मात्र पार बदलले. सगळं सांगतात. टाके ओढतात, गुडघा दुखतो, दाढ ठणकते, करंगळीला मुंग्या येतात. दिवसभर चालू असतं. कान किटले माझे. काल सकाळी मी कणीक मळत होते. हे काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आले आणि उभे राहिले.

"आता काय दुखतंय?" मी विचारलं.

"आज काहीच नाही दुखत," हे म्हणाले. "तुले सांगावं म्हटलं."