सगुणानंतरचा प्याला

निरोप आला तेव्हा मी ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या शाळेत वर्गावर होते. रत्नाआत्या ठाकुर्लीला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, न्यूमोनियाने गेली. माझी आई लवकर वारल्यामुळे मी या आत्याच्याच हाताखाली वाढले. आता महिना होत आला, पण आठवते ती आजारातली आत्या नव्हे. देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या एक-दोन वर्षांतला एक रविवार आठवतो...

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी कल्याणला एका भाड्याच्या हॉलमध्ये भरायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. सगळ्यांसाठी एकच भाकर मोडली जाई आणि द्राक्षरसाचा एकच प्याला बाकाबाकावरून हातोहात फिरे. त्या सुमारास सगुणा नावाची बाई येऊ लागली. महारोगाच्या दवाखान्यातून ती पूर्ण बरी होऊन आली होती, फक्त बोटं आखडलेली राहिली होती. ती बसली की शेजारची माणसं हळूच सरकत. मंडळीच्या पंचांनी ठरवलं, तिने शेवटच्या बाकावर बसावं आणि प्याला सगळ्यांनंतर घ्यावा. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी ते चालू दिलं. सगुणानेही मान डोलावली.

आत्याच्या कानावर हे शनिवारी आलं. जेवताना ती आतोबांना म्हणाली, "उद्या मी सगुणाच्या पलीकडे बसणार. प्याला तिच्यानंतर घेणार."

"मुलांचा तरी विचार कर," आतोबा आम्हा मुलांकडे बघत म्हणाले.

"त्यांचाच करतेय. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला, हे मीच शिकवलंय ना त्यांना? तसं एक माणूस आपल्या दारात आलंय. त्याला मागे बसवून आपण कुठल्या तोंडाने उपकारस्तुती करायची?"

दुसऱ्या दिवशी ती खरंच मागे जाऊन बसली. एक पंच उठून आले. "रत्नाबाई, तुमची जागा पुढे आहे."

"मला इथूनही ऐकू येतं," आत्या म्हणाली.

प्याला आला. सगुणाच्या आखडलेल्या बोटांत तो नीट बसेना, तेव्हा आत्याने तो खालून धरला. सगुणाचं झाल्यावर आत्या स्वतः प्यायली, नेहमीसारखी, सावकाश. "बाई, कशाला हो..." सगुणा पुटपुटली. "आपण एका ताटातली माणसं," आत्या म्हणाली, "हे परत विचारायचं नाही."

दोन घरं मंडळीत यायची थांबली. आतोबाही पुढच्याच बाकावर राहिले. आत्या भांडली नाही, पण हटलीही नाही. दर महिन्याला तीच जागा. पुढे पाळकसाहेबांची बायको मागे येऊन बसली, मग आणखी दोघी... वर्षभरात कोण कोणानंतर पितं हे बघायचं लोकांनी सोडून दिलं. सहभागिता हा शब्द मी उपासनेत लहानपणापासून ऐकत आले होते. त्याचा अर्थ मला त्या वर्षी कळला.

गेल्या रविवारी ठाकुर्लीला गेले, तर आतोबांनी स्वतः पिठलं-भात केला होता आणि सगुणाला जेवायला बोलावलं होतं. जेवणाआधीची प्रार्थना त्या घरात आत्याच करायची. आतोबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "प्रभू, रत्ना आम्हाला दिलीस, त्याबद्दल तुझे उपकार." आणि पहिलं ताट त्यांनी सगुणापुढे ठेवलं.